निळ्या पट्टीवर विकलेलं लिव्हर टॉनिक

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर, काटोल, सावनेर भागात ज्यांच्या गाई नुकत्याच व्यायल्या आहेत किंवा महिन्याभरात विणार आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. गोठ्यावर येऊन गाईची लघवी फुकट तपासून देणारा एक माणूस या पट्ट्यात फिरतो आहे. तपासणी फुकट, पण त्यानंतर गळ्यात मारला जाणारा टॉनिकचा तीन महिन्यांचा कोर्स साडेचौदा हजारांचा. आमच्याकडून तेवढे पैसे त्याने नेले, आणि तिसऱ्या वेताची एक चांगली एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) गाय जवळजवळ हातची गेली होती.

माणूस बोलायला गोड. अंगात पांढरा ॲप्रन, बाइकच्या डिक्कीत टेस्ट ट्यूबचा स्टँड, आणि दर दोन वाक्यांनी "सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात यावर रिसर्च झालाय" हे पालुपद. त्या कॉलेजचा आणि त्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे पुढे तिथेच कळलं. गाय दिवाळीत व्याली होती आणि हा आठवड्याभरात हजर. विलेल्या गाईंची खबर त्याला कुठून लागते कोण जाणे, बहुतेक दूध संकलन केंद्रावरच्या गप्पांतून.

त्याने गाईची लघवी ट्यूबमध्ये धरली, फिक्कट लाल कागदाची पट्टी बुडवली, पट्टी निळी झाली. "पाहा दादा, लिव्हर सुजून राहिलं हिचं. आत्ता नाई सांभाळलं तं दूध खाली येईन." शेजारच्या दोन गाईंची पट्टीही निळीच. मग काय, सगळ्या गोठ्याचं लिव्हर कमजोर ठरलं.

ती पट्टी साध्या लिटमसची होती. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते ती. चारा खाणाऱ्या निरोगी गाईची लघवी मुळातच अल्कधर्मी असते, सामू साधारण साडेसात ते साडेआठ. म्हणजे लाल लिटमस धडधाकट गाईच्याही लघवीत निळा होणारच. बैलाच्या, कालवडीच्या, भाकड गाईच्याही. त्याची कमाल अशी की ज्या परीक्षेत प्रत्येक जनावर नापास होतं, तीच त्याने निवडली.

यातला दुसरा डाव जास्त हुशारीचा आहे, आणि माझ्या मते खरी फसवणूक तिथे आहे. व्यायल्यानंतर गाईचं दूध आपोआप चढतच असतं, साधारण सहा ते आठ आठवड्यांपर्यंत. त्यात आपल्याकडचा ऑक्टोबरचा चटका सरून थंडी पडली की संकरित गाई जरा जास्तच खुलतात. म्हणजे या दिवसांत गाईला गुळाचं पाणी पाजलं तरी दूध वाढलेलं दिसेल, आणि श्रेय बाटलीला जाईल. हा माणूस व्यायल्याला सात महिने झालेल्या, दूध उतरत असलेल्या गाईच्या मालकाकडे जात नाही. मे महिन्यातही तो कुणाला दिसलेला नाही.

टॉनिक सुरू झालं. दूध दिवसाला एक-दीड लिटरने चढलं. मग केंद्रावर फॅट वाढला. या गाईचा फॅट एरवी ३.८ च्या पुढे जात नसे, तो ५ च्या वर गेला. फोनवर तो म्हणाला, "बघा, लिव्हर खुललं. फॅट बोलून राहिला." एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मात्र ८.५ वरून खाली उतरला होता, त्याबद्दल तो बोलला नाही. नंतर गाईने ढेप आणि चुनी सोडली, फक्त कुटार आणि कडबा ओढायची. "दवा लागून राहिला, पोटातली गरमी निघते," असं उत्तर आलं. पुढच्या भेटीत त्याने पुन्हा पट्टी बुडवली. या वेळी ती नीट निळी झालीच नाही. "आलं ना लिव्हर ठिकाणावर!" आणि पुढच्या कॅनचे पैसे मागितले.

घरी बाबा मात्र रोज कुरकुरत होते. गाईच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या, शेण घट्ट गोळ्यांचं पडत होतं, आणि तिच्या तोंडाला एक गोडसर, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येत होता. दूध एकदम निम्म्यावर आलं तेव्हा १९६२ वर फोन केला. पशुसंवर्धन विभागाची फिरती गाडी आली. डॉक्टरांनी गाईच्या तोंडाशी नाक नेलं आणि पहिल्या मिनिटात किटोसिस सांगितलं, म्हणजे अंगातली चरबी वितळून कीटोन नावाचे पदार्थ साठण्याचा आजार.

त्यांनीही लघवीच तपासली, पण पद्धत वेगळी. लघवीत अमोनियम सल्फेट आणि सोडियम नायट्रोप्रुसाइड घातलं, वरून कडेने अमोनिया सोडला, आणि मध्ये जांभळं कडं उमटलं. याला रोथेराची चाचणी म्हणतात. कीटोन असले तरच ते कडं येतं. शेजारच्या गाईच्या नमुन्यात ते आलं नाही. तिला बिचारीला काही झालेलंच नव्हतं.

डॉक्टरांनी उकलून सांगितलं ते असं. दुधातली साखर बनवायला गाईला ग्लुकोज लागतं, लिटरमागे साधारण सत्तर ग्रॅम. पंधरा लिटरच्या गाईला निव्वळ दुधासाठी रोज किलोभर. पण रवंथ करणाऱ्या जनावराला चाऱ्यातून तयार ग्लुकोज फारसं मिळत नाही. कोठीपोटात तयार होणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून ते लिव्हर बनवतं. व्यायल्यावर दूध भरभर चढतं आणि भूक मात्र मागे राहते. मग गाय अंगावरची चरबी वितळवते. ती चरबी लिव्हरकडे जाते, आणि गाईच्या लिव्हरला ती बाहेर काढायचा वेग फार कमी. काही चरबी तिथेच साठते, काहीची कीटोन होतात. वितळलेल्या चरबीचा काही भाग थेट कासेत उतरतो, म्हणून फॅट वाढतो. केंद्राच्या स्लिपवर जो आकडा पाहून आम्हाला टॉनिकचा गुण वाटत होता, तो आजाराचा आकडा होता. आणि खाणं सुटलेल्या, कीटोन भरलेल्या गाईची लघवी आम्लाकडे झुकते, म्हणून दुसऱ्या वेळी पट्टी निळी झाली नाही. गाय जितकी खालावेल तितका त्याचा रिपोर्ट चांगला!

आमची गाय भाकड काळात जरा जास्तच अंगाला आली होती. अशा गाईंना हा धोका अधिक असतो. विताना अंगस्थितीचा गुणांक, म्हणजे गाय किती अंगावर आहे याचे गुण, पाचापैकी तीन ते साडेतीन असावा, असं डॉक्टर म्हणाले.

उपचार साधे होते. शिरेतून डेक्स्ट्रोज, तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल, जीवनसत्त्व बी-१२. गाय सावरली. पण या वेताचा चढ गेला तो गेलाच, आणि माजावरही उशिरा आली.

बाटलीबद्दल. लिव्हर टॉनिक ही चीजच खोटी, असं कुणी समजू नये. लिव्हरमधली चरबी बाहेर न्यायला कोलिन लागतं, हे खरं आहे. या कॅनवरही कोलिन छापलेलं होतं, सोबत भुईआवळा, कालमेघ, पुनर्नवा. पण एकाही घटकाचं प्रमाण दिलेलं नाही. शिवाय साधं कोलिन कोठीपोटातले जिवाणू बहुतेक सगळं मोडून टाकतात. ते लिव्हरपर्यंत पोहोचायचं तर आवरण दिलेलं, बायपास स्वरूपाचं लागतं, आणि ते पातळ गोड काढ्यात मिसळून मिळत नाही. कॅन उघडली की नाकात शिरायचा तो वास मळीचा, हे बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पैशाचं पुढे काय झालं तेही सांगतो. "दूध वाढलं नाही तर पैसे परत" असं छापील कार्ड होतं. फोन केला तर म्हणे, "तुम्ही ढेप बदलली, गॅरंटी गेली." मग फोन लागेनासा झाला. लेबलवर हिंगणा एमआयडीसीतला प्लॉट होता, तिथे फर्निचरचं गोडाऊन निघालं. बिल म्हणून दिलेल्या कागदावर जीएसटी क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही. फोनपेवर पैसे ज्या नावाने गेले ते नाव त्याचंही नाही आणि कंपनीचंही नाही. लेबलच्या तळाला अगदी बारीक अक्षरांत "पशुखाद्य पूरक, औषधी वापरासाठी नाही" अशी ओळ आहे. म्हणजे तोंडाने लिव्हरचा इलाज विकायचा आणि कागदावर खाद्य म्हणून सुटायचं.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे त्यांनी कार्ड, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि कॅनचे चारही बाजूंचे फोटो मागितले. सुदैवाने अर्धी कॅन शिल्लक होती. हाच माणूस आता काटोलकडे वेगळ्या नावाच्या, पांढऱ्याऐवजी निळ्या कॅन घेऊन फिरतो असं तिकडच्या दोघांनी सांगितलं. ज्यांच्याकडे यातली कुठलीही कॅन असेल त्यांनी ती रिकामी झाली तरी भंगारात देऊ नका, आणि गाय व्यायल्यानंतरच्या दोन महिन्यांच्या फॅट-एसएनएफच्या स्लिपाही जपून ठेवा. आम्ही चौघेजण मिळून एकत्र तक्रार करायच्या तयारीत आहोत, आणखी कुणी असेल तर कळवा.