व्हॉट्सॲपवर आलेलं ‘नवीन व्हर्जन’ आणि दाजींचं रिकामं झालेलं खातं

कुठलीही बँक तिच्या ॲपचं अपडेट व्हॉट्सॲपवर फाईल करून पाठवत नाही, कधीच नाही. हे आधी लिहून टाकते आणि मग काय झालं ते सांगते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांनी एवढं तरी घरच्या ग्रुपवर टाकावं.

माझ्या ताईचे मिस्टर, आमचे दाजी, कराडजवळ हार्डवेअरचं दुकान चालवतात. माणूस अजिबात भोळा नाही. चेक लिहिला की रकमेपुढे रेघ मारणार, दुकानातल्या पोरांना ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बजावणार. आणि त्यांनी स्वतः ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी खात्यातून एक लाख शहाऐंशी हजार गेले. ओटीपी सांगितला नाही म्हणजे आपण सुरक्षित असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं नीट वाचा.

दुसरा शनिवार होता, म्हणजे बँक बंद. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक असताना फोन आला. समोरचा मराठीतच बोलत होता, अगदी अदबीनं. "साहेब, तुमच्या बँकेच्या मोबाईल बँकिंग विभागातून बोलतोय, तुमच्या ॲपचं व्हर्जन जुनं झालंय, आज रात्री बारानंतर ते बंद पडणार, मग केवायसी नव्यानं करायला शाखेत यावं लागेल." दाजींना सोमवारी सिमेंटवाल्याचं पेमेंट करायचं होतं, तरी त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. फोन चालू ठेवूनच प्ले स्टोअर उघडलं, बँकेचं ॲप शोधलं, तर तिथं नुसतं ओपन असं बटण, अपडेट नाहीच. त्यांनी विचारलं, की अहो इथं तर काही अपडेट दिसत नाही. तर तो म्हणाला, "बरोबर आहे साहेब, नवीन व्हर्जन सगळ्यांना एकदम देत नाहीत, टप्प्याटप्प्यानं सोडतात, तुमच्या फोनला यायला आठवडा लागेल आणि जुनं तर आजच बंद होतंय, म्हणून तुम्हाला थेट पाठवतो."

आता यातली गोम अशी, की त्याचं अर्धं बोलणं खरं आहे. कंपन्या खरंच नवीन व्हर्जन आधी थोड्या टक्के लोकांना देतात आणि मग वाढवत नेतात, प्ले स्टोअरवर तशी सोय आहे. म्हणून तर शेजाऱ्याच्या फोनला एखादं अपडेट आधी येतं आणि आपल्याला चार दिवसांनी. पण ते ज्याला मिळतं त्याला स्टोअरमधूनच मिळतं, फोन करून, फाईल पाठवून कुणी देत नाही. दाजींना पहिला अर्धा भाग कुठंतरी ऐकलेला आठवला आणि दुसरा अर्धा पटला.

फाईल आली. डीपीला बँकेचा लोगो, फाईलच्या नावात बँकेचं नाव आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. दाबल्यावर फोननं अडवलं, की या सोर्समधून ॲप टाकायची परवानगी नाही. तो म्हणाला, सेटिंग्जमध्ये जाऊन व्हॉट्सॲपपुढचं बटण चालू करा. मग प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे घातक ॲप तपासणाऱ्या गूगलच्या सोयीनं, लाल खूण दाखवून परत अडवलं. तो म्हणाला, ते नवीन असल्यामुळं येतं, मोर डिटेल्स दाबून इन्स्टॉल एनीवे करा. म्हणजे बघा, फोननं आपलं काम चोख केलं होतं, दोनदा हात धरला होता, पण कानाला लागलेला माणूस जास्त जवळचा वाटतो.

मग त्या ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, नोटिफिकेशनची मागितली, आणि बँकेसारखाच दिसणारा फॉर्म आला. कस्टमर आयडी, जन्मतारीख, डेबिट कार्डाचा नंबर, पिन. भरून झाल्यावर ‘पडताळणी चालू आहे, २४ तास थांबा’. फोन ठेवताना तो "काळजी करू नका साहेब" असंही म्हणाला.

पैसे रात्रीत गेले. आयएमपीएस, एनईएफटी या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सोयी आता चोवीस तास चालतात, बँक बंद असली तरी चोरांचं काही अडत नाही. कार्डाची माहिती त्यांच्याकडे होतीच, ओटीपी दाजींच्या फोनवर आला की ते ॲप तो परस्पर पुढं पाठवत होतं आणि वरची नोटिफिकेशन पुसून टाकत होतं. रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर यूपीआय फेल झालं, शिल्लक नाही म्हणून, तेव्हा दाजींनी मेसेजचा इनबॉक्स उघडला तर ओटीपीचे आणि पैसे कटल्याचे मेसेज ओळीनं पडलेले. रात्रभर फोन उशाशी होता आणि एकदाही वाजला नव्हता.

ताईचा फोन आला आणि मी तशीच निघाले. दाजींचा फोन मी एरोप्लेन मोडवर टाकायला सांगितला होता, तो हातात घेऊन बसले तर जे दिसलं ते जसंच्या तसं सांगते. बँकेचे दोन आयकॉन होते, लोगो हुबेहूब. सेटिंग्जमधून ॲप्समध्ये गेले, पहिल्यावर दाबलं, अगदी खाली व्हर्जन लिहिलेलं असतं तिथं ५.३.२. आणि ‘गूगल प्ले स्टोअरमधून इन्स्टॉल केलेलं’ अशी ओळ. माझ्या फोनवरून प्ले स्टोअरमध्ये तेच ॲप उघडून अबाउट धिस ॲपमध्ये खालपर्यंत गेले, तिथंही ५.३.२, अपडेटेड ऑनपुढं मागच्या महिन्याची तारीख. म्हणजे दाजींचं ॲप जुनं झालेलंच नव्हतं! ज्या गोष्टीवरून एवढी घाई केली ती गोष्टच नव्हती. मग दुसऱ्या आयकॉनवर गेले. व्हर्जन १.०. प्ले स्टोअरची ओळ नाही. ज्याला तो नवीन व्हर्जन म्हणून खपवत होता, त्याचा नंबर खऱ्यापेक्षा कितीतरी मागचा, म्हणजे त्यानं तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

पण नंबर पुढचा असता तरी त्यावर विश्वास ठेवू नका. व्हर्जनचा नंबर म्हणजे ॲप बनवणाऱ्यानं स्वतः टाइप केलेला आकडा असतो, उद्या कुणी खोट्या ॲपवर ९.९ लिहिलं तर फोन ९.९च दाखवेल. त्याला किंमत येते ती स्टोअरमध्ये स्वतः जाऊन बघितलेल्या नंबरशी ताडून बघितल्यावर. स्टोअरमध्ये ५.३.२ आहे आणि कुणीतरी तुम्हाला ६.० पाठवतोय, तर तिथंच समजून जायचं.

दोन आयकॉन का आले हे पण सांगते, कारण ही खूण फार कामाची आहे. अँड्रॉइडमध्ये आधीच्या ॲपवर अपडेट बसायचं तर दोन्हींवर बनवणाऱ्याची सही एकच लागते, डिजिटल सही, ती चोराकडे नसते. त्यामुळं खोटं ॲप खऱ्याच्या जागी बसूच शकत नाही, एकतर फोन पॅकेज जुळत नाही म्हणून नाकारतो, नाहीतर चोर वेगळ्या अंतर्गत नावानं ॲप बनवतो आणि ते शेजारी दुसरं म्हणून येऊन बसतं. दाजींना त्यानं सांगितलं होतं की जुनं दोन तासांत आपोआप जाईल. काही लोकांना तर आधी जुनं काढून टाका असं सांगतात. अपडेट करताना जुनं काढा असं कुणी म्हणालं किंवा अपडेटनंतर दोन लोगो दिसले, की ते अपडेट नाहीच.

आता स्वतः कसं बघायचं. कुणी पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही, कारण प्ले स्टोअरसारखी दिसणारी पानं पण बनवतात, ब्राउझरमध्ये उघडतात, हिरवं इन्स्टॉलचं बटण असतं आणि दाबलं की डाउनलोड्समध्ये फाईल येऊन पडते. खरं प्ले स्टोअर असं फाईल टाकत नाही. फोनमधलं प्ले स्टोअर स्वतः उघडा, वर आपल्या फोटोवर दाबा, मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस, तिथं अपडेट्स अव्हेलेबलमध्ये ज्यांची अपडेट बाकी आहेत त्यांचीच यादी येते, बँकेचं नाव त्यात नसेल तर तुमच्या फोनसाठी अपडेट नाही, विषय संपला. किंवा दुसरा रस्ता, आणि मला हा जास्त आवडतो, सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये बँकेच्या ॲपवर जाऊन ‘ॲप डिटेल्स इन स्टोअर’ वर दाबायचं. खरं असेल तर ते थेट त्याच ॲपच्या पानावर नेतं, खोट्याला पानच नसतं. आयफोनवाल्यांना ॲप स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर व्हर्जन हिस्टरी दिसते, प्रत्येक व्हर्जन कधी आलं त्यासकट.

एक मात्र लक्षात ठेवा. दोन फोनमधले नंबर वेगळे असले म्हणजे लगेच घाबरायचं नाही. जुन्या अँड्रॉइडच्या फोनला स्टोअर कधीकधी जुनंच व्हर्जन देतं, काही ॲपपुढं तर नंबरच्या जागी ‘व्हेरीज विथ डिव्हाइस’ एवढंच येतं. म्हणून मित्राच्या फोनशी तुलना करू नका, आपल्या स्टोअरमध्ये ओपन आहे की अपडेट आहे तेवढं बघा.

आणि स्टोअरमध्ये आहे म्हणजे डोळे मिटून घ्यायचं असंही नाही हो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्ले स्टोअरवरच ‘अपडेट व्हॉट्सॲप’ नावाचं खोटं ॲप आलं होतं, बनवणाऱ्याच्या नावात शेवटी न दिसणारं एक अक्षर टाकून त्यांनी ते खऱ्या कंपनीसारखं दाखवलं आणि काढून टाकेपर्यंत दहा लाखांवर लोकांनी घेतलं होतं. म्हणून ऑफर्ड बायपुढचं बनवणाऱ्याचं नाव, डाउनलोड किती, रिलीज्ड ऑनची तारीख, सगळं बघायचं. पंधरा वर्षं जुन्या बँकिंग ॲपची तारीख मागच्या आठवड्यातली आणि डाउनलोड पाचशे, असं असेल तर लांब राहा. बँकेच्या वेबसाइटवरून जायचं असेल तर आता भारतातल्या बँकांचे पत्ते डॉट बँक डॉट इन ने संपतात, रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ पर्यंत ते बदलायला लावले, त्यामुळं पत्ता ओळखणं सोपं झालंय.

आमचं पुढं काय झालं ते सांगते. सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, तो लागायला वेळ लागतो पण सोडू नका, एकजण १९३० लावत बसा आणि दुसऱ्यानं बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर कार्ड आणि खातं बंद करून घ्या. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण तक्रार टाकली. जेवढं लवकर कळवाल तेवढे पैसे वाटेतच कुठल्यातरी खात्यात अडकवता येतात, आमचे साधारण चाळीस हजार असे होल्ड झाले, बाकीचे तोपर्यंत पुढं गेलेले होते. ते ॲप काढायच्या आधी त्याचे, व्हर्जनचे, परवानग्यांचे स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सॲपवरची फाईल आणि चॅट डिलीट करू नका, पोलीस स्टेशनला तेच मागतात. ॲप निघत नसेल तर आधी सेटिंग्जमध्ये त्याची ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची) आणि डिव्हाइस ॲडमिनची (फोनवर ताबा ठेवायची) परवानगी बंद करा, मग निघतं. पासवर्ड, पिन सगळे दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नाही. आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद करून घ्या, काही टोळ्या कॉल पण वळवून घेतात.

बँकेत गेलो तर साहेबांचं पहिलं वाक्य, तुम्हीच माहिती भरली ना. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला नियम केला, त्यात ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. त्यामुळं कळवल्याची वेळ फार महत्त्वाची, तक्रार नंबर आणि मेसेज जपून ठेवा, नुसतं शाखेत तोंडी सांगून येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. दाजींचा निष्काळजीपणा म्हणायचा का, हा वाद अजून चालू आहे. माझं स्पष्ट मत आहे की ज्या माणसानं स्टोअर उघडून बघितलं, प्रश्न विचारला, त्याला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे. तीस दिवसांत बँकेनं नीट उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ते कागद आम्ही तयार ठेवलेत. होल्ड झालेले पैसे सोडवायला पण कोर्टात अर्ज करावा लागतोय.

बँकेचंच नाव वापरतात असं नाही. वाहतुकीचं चलान, पीएम किसानची यादी, वीजबिल, लग्नपत्रिका, कशाच्याही नावानं ही एपीके येते, आणि कधीकधी ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ॲपच्या ताब्यात गेलेला असतो.

आज घरी गेल्यावर आईबाबांचे, सासूसासऱ्यांचे फोन हातात घ्या आणि सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी असते, म्हणून व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर, प्रत्येकापुढं काय आहे ते बघून बंद करा. दाजींच्या फोनमध्ये खोटं ॲप काढून टाकल्यावरसुद्धा व्हॉट्सॲपपुढं ते बटण चालूच होतं, ते आपोआप बंद होत नाही, आणि पुढची फाईल आली असती तर फोननं पहिल्यांदा अडवलं होतं तसं अडवलंही नसतं.