कॉलेज टीमच्या फिजिओसोबत शॅडोइंग: मॅचच्या आधीचा तास चुकवू नका

दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजचा क्रीडा विभाग करिअरचा विचार करणाऱ्या मुलांना टीमच्या फिजिओसोबत (फिजिओथेरपिस्टसोबत) मैदानावर थांबून त्याचं काम पाहू देतो, यालाच शॅडोइंग म्हणतात. फी नाही, स्टायपेंड नाही. व्यवस्था चांगली आहे, पण शिट्टी वाजताना पोचणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. तोवर फिजिओ बॅग घेऊन रेषेबाहेर बसलेला असतो आणि नशीब चांगलं असेल तर बसूनच राहतो.

खरं काम त्याआधीच्या तासात असतं. घोट्याचं टेपिंग, म्हणजे घोटा मुरगळू नये म्हणून तो चिकटपट्टीने बांधणं, तेव्हाच पाहायला मिळतं. पाऊल नडगीशी ९० अंशांत, त्वचा कोरडी, त्यावर अंडररॅपचा (टेपखालच्या पातळ फोमच्या पट्टीचा) एकच थर. मग ३८ मिमीची न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप: पोटरीच्या खालच्या भागावर अँकर (बाकीच्या पट्ट्या जिच्यावर चिकटतात ती आडवी पट्टी), आतून टाचेखालून बाहेर वर ओढलेले तीन स्टिरप (रिकिबीसारख्या पट्ट्या), प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली, शेवटी फिगर-एट (इंग्रजी 8 च्या आकाराचा फेरा) आणि दोन्ही बाजूंचे हील लॉक (टाच जागेवर धरणारे फेरे). मग रक्त नीट फिरतंय का ते पाहायला पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडतात. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, तर टेप कापून पुन्हा पहिल्यापासून.

बिघडतं कुठे, तेही इथेच कळतं. गप्पांच्या नादात खेळाडूचं पाऊल खाली झुकतं आणि घोटा नेमका मुरगळण्याच्या स्थितीत बांधला जातो. सुरकुती राहिली की फोड येतो. अँकर आवळला की धावताना पोटरी फुगायला जागा उरत नाही आणि गोळा येतो. त्यात मुंबईचा घाम! अर्ध्या तासात टेपची पकड ढिली पडते, म्हणून मध्यंतरात फिजिओ कोणाचे पाय पुन्हा तपासतो यावर लक्ष ठेवा.

मॅचमध्ये पाहण्यासारखा असतो तो निर्णय. घोटा मुरगळल्यावर चार पावलं टाकता येतात का, घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंमीत दाबल्यावर दुखतं का, यावर एक्स-रेला पाठवायचं की नाही ते ठरतं. बर्फ ओल्या फडक्यातून १५ ते २० मिनिटं. कबड्डीत डोकं आपटून कन्कशनची (मेंदूला धक्का बसल्याची) शंका आली, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही. कोच कितीही ओरडला तरी नाही. हे ‘नाही’ म्हणणं जमणार नसेल, तर या पेशाचा फेरविचार केलेला बरा.

मोठी उणीव एकच, बोलावतात फक्त मॅचच्या दिवशी. दुखापतीनंतर खेळाडूला पुन्हा उभं करण्याचं काम, म्हणजे पुनर्वसन, होतं मधल्या दिवसांत, जिममध्ये: एका पायावर तोल, टाचा उचलणं, एका पायाची उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के आली का याचं मोजमाप. कंटाळवाणं वाटेल, पण नोकरीचा मोठा भाग हाच आहे. तो एक दिवस आग्रहाने मागून घ्या.

अमेरिकेत अॅथलेटिक ट्रेनर हा वेगळा पेशा आहे. तिथे मान्यताप्राप्त मास्टर्स करून बोर्डाची परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातला नेहमीचा रस्ता म्हणजे नीट ही प्रवेश परीक्षा, बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) आणि मग स्पोर्ट्स विषयातलं दोन वर्षांचं एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी).

जाताना बंद बूट घाला. खेळाडूला हात लावायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, कोणाचं काय दुखतंय ते बाहेर बोलायचं नाही. क्रीडा संचालकांची परवानगी लेखी घ्या. वय १८ च्या आत असेल तर अर्जावर पालकांचीही सही घ्या.