सेल्फ नुसता 'खट्' करतो म्हणून नवा सेल्फ गळ्यात मारतात, तो असा

ट्रक उभा. चावी फिरवली की खालून सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, एकच 'खट्', मग शांतता. हेडलाइट मात्र लख्ख. बोलावलेल्या मिस्त्रीने चावी दोनदा फिरवली, लाइटकडे बोट दाखवलं आणि निकाल दिला, "लाइट जराही मंद होत नाहीत, म्हणजे बॅटऱ्या ठणठणीत. सेल्फच गेलाय, नवीन टाका." मालकाने होकार दिला. दोन तासांत सेल्फ बदलला, गाडी पहिल्या चावीला उठली, पैसे चुकते झाले. जुना सेल्फ 'भंगारात टाकतो' म्हणून मिस्त्रीच घेऊन गेला. बाराव्या दिवशी पुन्हा तेच 'खट्'.

दुसऱ्या वायरमनने आधी व्होल्ट मोजायचा मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. चावी फिरवताच मीटरने ११ व्होल्ट दाखवले. तिथे अर्धा व्होल्टही जास्त समजतात. सेल्फला मिळायच्या २४ पैकी जवळपास निम्मे व्होल्ट इंजिन आणि चेसिसमधल्या अर्थिंगच्या केबलमध्येच जिरत होते. केबलचं लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, हाताला चटका देत होतं. वरचं रबर कापलं तेव्हा आतल्या तारांची हिरवी भुकटी झालेली. मोजक्याच तारा शाबूत होत्या.

आता पहिल्या मिस्त्रीचं वाक्य परत वाचा. बॅटऱ्या ठणठणीत आहेत, हे खरंच होतं. पण हेडलाइटचा परतीचा रस्ता चेसिसवरून जातो आणि सेल्फचा इंजिनच्या अर्थिंगमधून. म्हणून ते अर्थिंग सडलं तरी लाइट लख्खच राहतात. लाइट मंद न होणं ही खरं तर केबल आणि सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच, 'खट्' त्याचाच) तपासायची खूण आहे. तीच खूण सेल्फ विकायला वापरली गेली. अर्धं खरं बोलून केलेली फसवणूक लवकर पकडता येत नाही, हे लक्षात ठेवा.

मग नव्या सेल्फवर गाडी उठली कशी? याच ठिकाणी बहुतेक जण फसतात. सेल्फ उतरवायचा तर बॅटरीची केबल सोडावी लागते, कितीतरी गाड्यांत अर्थिंगचं लगही सेल्फच्याच बोल्टवर असतं. ते सुटतं, हलतं, घासलं जातं, पुन्हा आवळलं जातं. सडक्या जोडाला काही दिवस पकड मिळते. गाडी सुरू झाली हाच पुरावा वाटतो, आणि खरा पुरावा त्याच पान्याने पुसला जातो. म्हणून नियम एकच ठेवा : सेल्फचा एकही नट सैल होण्याआधी मीटरचे आकडे तुमच्यासमोर घ्यायला लावा आणि कागदावर लिहा.

तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा). इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद. स्क्रूड्रायव्हरने सेल्फवरचे ३० (बॅटरीची जाड केबल) आणि ५० (चावीची वायर) नंबरचे टर्मिनल शॉर्ट करायला खाली शिरू नका, कोणाला शिरू देऊ नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावरून जाते. एकाने केबिनमध्ये चावी धरायची, दुसऱ्याने मीटर. चावी एका वेळी १० सेकंदांच्या वर धरायची नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती.

आधी बॅटऱ्या. ट्रकला १२-१२ व्होल्टच्या दोन सिरीजमध्ये असतात. उभ्या गाडीवर भरलेली प्रत्येक बॅटरी १२.६ च्या आसपास हवी, दोन्ही मिळून २५.२. दोघींचा आकडा वेगवेगळाच घ्या. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर बेरीज फसवी दिसते, पण लोड येताच दुसरी कोसळते. रेडिओ किंवा चार्जर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून चालवला की ही तफावत हमखास येते. चावी फिरवताना दोन्ही मिळून १९ च्या खाली गेल्या तर बॅटऱ्या कमकुवत आहेत, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन अडकून प्रचंड करंट ओढतंय. एकच 'खट्' न येता 'कट-कट-कट' अशी झड लागली तर पहिला संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर : सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढतो.

मीटरचं टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवायचं, क्लॅम्पवर नाही. खांब आणि क्लॅम्प यांच्यामधली पांढरी बुरशीच कित्येकदा दोषी असते. क्लॅम्पवर टोक ठेवलं तर ती मोजणीतून निसटते.

पुढे पॉझिटिव्ह बाजू. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचं ३० नंबर टर्मिनल, चावी फिरवताना फरक एक व्होल्टच्या आत हवा. दोन बॅटऱ्यांमधली छोटी जोडकेबलही अशीच मोजा, तिला सगळे विसरतात. ट्रकच्या सेल्फमधून शेकडो अँपिअर जातात. ४०० अँपिअरला एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा ४ व्होल्ट खातो. केबल डोळ्यांना धडधाकट दिसते, म्हणून डोळ्यांवर जाऊ नका. मात्र करंटच वाहत नसेल तर खराब केबलही शून्य फरक दाखवते. त्यामुळे इथे शून्य आला म्हणजे केबल चांगली, असं ठरवण्याआधी सोलेनॉइड तपासा.

सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात : एक ३०, दुसरा मोटरकडे जाणारा. त्या दोघांवर मीटर ठेवला की चावी न फिरवता सुमारे २४ दिसतात. 'खट्' झाल्यावर हा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तसाच २४ राहिला तर आतली तांब्याची चकती आणि पॉइंट जळलेत. बऱ्याच सेल्फमध्ये एवढंच बदलता येतं, फार तर सोलेनॉइड. अख्खा सेल्फ नाही. आकडा शून्यावर आला, मोटरच्या बोल्टवर बॉडीच्या तुलनेत भरपूर व्होल्टेज आहे आणि तरी मोटर हलत नाही, तर मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत किंवा आर्मेचर (तिचा फिरणारा भाग) गेलंय. तेव्हा सेल्फ उतरवा म्हणणारा माणूस खरं बोलतोय.

आवाज जड 'धप्प', लाइट विझल्यासारखे होतात, सगळ्या केबल चांगल्या : अशा वेळी सेल्फला हात लावण्याआधी क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघा. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलं असेल तर जोरात सेल्फ मारल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

बेंचवरचा खेळही ओळखून ठेवा. २४ व्होल्टचा सेल्फ एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर बारीक वायरने फिरवून दाखवतात आणि 'बघा, किती मंद' म्हणतात. मंदच फिरणार. विकायचा सेल्फ मात्र पूर्ण २४ वर जाड केबलने सुसाट फिरवतात, पण लोडशिवाय तर घासलेल्या बुशचा सेल्फही फिरतो. हातोडीच्या ठोक्यावर सेल्फ फिरला तर ब्रश किंवा पॉइंट संपत आलेत एवढंच कळतं.

'नवा' म्हणून आलेला सेल्फ बसवण्याआधी हातात घ्या. स्क्रूच्या खाचांत आणि नेमप्लेटच्या कडांवर रंग, फ्लँजवर (सेल्फ इंजिनला बोल्टने बसतो त्या कडेवर) जुन्या वॉशरचे गोल ठसे, पिनियनच्या (पुढच्या छोट्या दातेरी चाकाच्या) दातांच्या टोकांना झिजून आलेली चमक, टर्मिनलच्या आट्यांवर पान्याचे ओरखडे : यातलं एकही दिसलं तर तो रंगवलेला जुना असण्याचा दाट संशय घ्या. बाराव्या दिवशी त्या ट्रकखाली टॉर्च मारली तेव्हा 'नव्या' सेल्फच्या फ्लँजवर असेच दोन ठसे होते.

त्या गाडीला शेवटी लागली ती फक्त एक अर्थिंगची केबल. तेवढीच जाड, दोन्ही लग नीट दाबून बसवलेली, खालचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर आवळलेली, आवळल्यावर वरून ग्रीस. फरक ११ वरून ०.३ व्होल्टवर आला. जुना सेल्फ मागायला मालक गेला तेव्हा 'तो कधीच गेला' एवढंच उत्तर मिळालं. म्हणून सेल्फ उतरवण्याआधी बॉडीवर पंचने खूण करा, बिलावर 'जुना भाग परत दिला' असं लिहून घ्या आणि तो उचलून केबिनमध्ये ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.