रिअल इस्टेटचा एमबीए, पुणे: मूल्यांकन उत्तम, सातबारा फार उशिरा

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा शनिवार-रविवार चालणारा रिअल इस्टेटचा एमबीए मी यंदा पूर्ण केला. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि कोथरूड-कर्वेनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं काम करते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार अभ्यासक्रमाच्या रचनेबद्दल आहे. प्रवेशाआधी इतर ठिकाणच्या विषयपत्रिका चाळल्या होत्या, त्यांचीही मांडणी जवळपास अशीच होती.

आधी चांगलं सांगते. मूल्यांकनाचा पेपर या एका विषयासाठीसुद्धा कोर्स करावा इतका उत्तम होता. शिकवणारे सर स्वतः व्हॅल्युअर. सहकारनगरातल्या एकाच फ्लॅटची किंमत त्यांनी आमच्याकडून आधी आजूबाजूच्या विक्रीव्यवहारांवरून आणि मग भाड्याच्या उत्पन्नावरून काढून घेतली. जाहिरातीतले भाव चालायचे नाहीत, नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे व्यवहाराची खरी किंमत दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा, काढूनच यायचं. मग जमिनीच्या किमतीकडे वळवलं: विक्रीतून येणाऱ्या रकमेतून बांधकाम, शुल्कं, व्याज आणि बिल्डरचा नफा वजा केला की जमिनीला काय उरतं? माझ्या कामात सभासद कायम विचारतात, ‘शेजारच्या सोसायटीला जास्त एरिया मिळाला, आम्हाला का नाही?’ रस्त्याच्या रुंदीप्रमाणे टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) बदलतो, त्यामुळे ही वजाबाकीही बदलते, हे आता मी त्यांना आकडे मांडून दाखवू शकते.

घोळ आहे तो विषयांच्या क्रमाचा. पहिल्या सत्रात अमेरिकेतल्या गृहकर्ज रोख्यांची आणि तिथल्या रीट्सची, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या ट्रस्टची उदाहरणं. रीट जरूर शिकवा, पण येरवड्याचं कॉमरझोन माइंडस्पेस रीटमध्ये आहे, त्याचे भाड्याचे आणि भोगवट्याचे आकडे जाहीर होतात आणि बसने जाऊन इमारतही बघता येते. मग सुरुवात तिथून का नको?

सातबारा आला थेट तिसऱ्या सत्रात, तोही दोन तासिकांत उरकला. त्याचा परिणाम आमच्या गटाने भोगला. दुसऱ्या सत्रात व्यवहार्यता अहवालासाठी विद्यापीठानेच वाघोलीकडची एक जमीन दिली होती. आम्ही रोख प्रवाह, परतावा, कर्जाची परतफेड सगळं मांडलं, चांगले गुणही मिळाले. तिसऱ्या सत्रात उतारा वाचायला शिकलो तेव्हा दिसलं की जमीन भोगवटादार वर्ग-2 ची आहे. म्हणजे हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, सरकारला नजराणा भरायला हवा. आमच्या अहवालात ना तो खर्च होता, ना ते महिने. जमिनीचे अभिलेख सांभाळणारे जमाबंदी आयुक्त आणि दस्तनोंदणी बघणारे नोंदणी महानिरीक्षक, दोघांचीही राज्याची मुख्य कार्यालयं पुण्यात आहेत, पण वर्ग तिकडे कधीच गेला नाही.

रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याचंही तेच. बिल्डरने ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवायची, आणि ती काढायला अभियंता, आर्किटेक्ट व सीए या तिघांची प्रमाणपत्रं लागतात. काम किती झालं, खर्च किती झाला, कायदा किती काढू देतो, हे तिन्ही प्रश्न त्या एका हिशोबात एकत्र येतात. आमच्याकडे ते तीन सत्रांत तीन शिक्षकांनी वेगवेगळे शिकवले. पैसे काढण्याचा एकही तक्ता आम्ही वर्गात भरला नाही.

पुनर्विकास तर विषयपत्रिकेतच नाही. एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर जिथे पाहावं तिथे जुन्या इमारती पाडल्या जातायत, आणि सोसायट्यांच्या पुनर्विकासाबद्दलचा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय, सभासदांची 51 टक्के संमती, सहकार निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर चित्रीकरणासह होणारी बिल्डर निवडीची सभा, यातलं काहीही परीक्षेला नव्हतं. पुण्यातल्या पदवीत हे नसणं मला मान्यच होत नाही.

माझ्या मते पहिल्या दिवशी वर्गाला एक खरा सर्व्हे नंबर द्यावा आणि चारही सत्रं तोच चालवावा. आधी उतारा आणि फेरफार, मग त्यावर काय बांधता येईल, मग पैसा, मग विक्री आणि रेरा, शेवटी सोसायटीच्या नावाने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीकडे देणं. आमच्या गटाला हे मिळालं असतं तर वर्ग-2 ची नोंद पहिल्याच आठवड्यात सापडली असती.

नोकरीतल्या इंजिनिअर किंवा सीएने हा कोर्स जरूर करावा. पदवीनंतर थेट येणाऱ्यांनी मात्र फी भरण्याआधी प्रत्येक सत्राची विषयपत्रिका मागून घ्यावी आणि सातबारा कुठे आहे ते बघावं.

विभागप्रमुखांना मी हे सगळं लेखी दिलं आहे. जमिनीचे अभिलेख पुढच्या बॅचला पहिल्या सत्रात आणायचं त्यांनी कबूल केलंय. पुनर्विकासाचा पेपर अडलाय, कारण शिकवायला पीएचडी झालेलं कोणी मिळत नाही म्हणे. यूजीसीच्या 2022 च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ मार्गदर्शक सूचनांनुसार 15 वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला पीएचडीशिवाय नेमता येतं. सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या, असा अनुभव असलेल्या दोघांची नावं मी त्यांना कळवली आहेत.