व्हॅनचे कारचे टायर काढून एलटी टायर टाकले: नऊ महिने, २२ हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

जून २०२४ मध्ये मी माझ्या छोट्या मालवाहू व्हॅनला पाच नवे टायर टाकले, स्टेपनीसकट. साइज १५५ आर १३ एलटी, ८ पीआर, ९०/८८ एन. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचे, बाकी आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो. त्याआधी गाडीला होते कारचे, १५५/८० आर १३, ७९ टी. दोन्ही एकाच रिमवर बसतात, शेजारी उभे केले तर उंचीत फरक दिसत नाही. त्या सारखेपणावर विश्वास ठेवून मी सात महिने माल वाहिला. म्हणून टायर कसे आहेत हे सांगण्याआधी ते का बदलले हे सांगतो, कारण माझ्यासारख्या कितीतरी गाड्या रोज घाट उतरताहेत.

आमचं काम नारायणगाव ते कल्याण. हंगामात टोमॅटो, बाकीच्या महिन्यांत फ्लॉवर, कोबी, थोडी पालेभाजी. ओतूर, मढ करत माळशेज उतरायचा, टोकावडे, मुरबाड आणि पहाटे कल्याणच्या बाजार समितीत गाळ्यावर. गाडी २०१६ ची, मी ती २०२३ च्या दिवाळीत जुनी घेतली. विकणाऱ्याने "चारही टायर नवे आहेत" असं ठासून सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. नवे होते, पण कारचे होते.

मे महिन्यात एका रात्री ३५ क्रेट भरून घाट उतरलो आणि टोकावड्याला चहाला थांबलो. चुलत भाऊ सोबत होता. तो लघवीला गेला आणि येताना मागच्या डाव्या टायरपाशी थबकला. टायरच्या बाजूला, कडेच्या अक्षरांच्या वर, लिंबाएवढा फुगा आला होता. मी हात लावला आणि लगेच मागे घेतला, एवढा टायर तापलेला. तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी बॅटरी मारून टायरची बाजू वाचली आणि म्हणाले, "दादा, हा माणसं न्यायचा टायर आहे. तुम्ही याच्यावर तमाटी नेताय." मी म्हटलं, साइज तर हाच आहे ना. त्यांनी वाद घातला नाही. गाडीखाली वाकून स्टेपनी दाखवली. चिखल पुसल्यावर तिच्यावर अक्षरं निघाली: १५५ आर १३ एलटी, ८ पीआर, ९०/८८. कंपनीने गाडीला दिलेला मूळ टायर तो. शेवटचे चार आकडे २२१६, म्हणजे २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या, तरी तोच लावून, काही क्रेट ओळखीच्या टेम्पोत टाकून, आम्ही ४० च्या पुढे न जाता कल्याण गाठलं.

घरी आल्यावर टायर वाचायला शिकलो. १५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, १३ म्हणजे रिम १३ इंची. एलटीवाल्या जुन्या पद्धतीच्या साइजमध्ये मधला आकडा लिहीतच नाहीत, तिथे उंची साधारण ८२ टक्के धरायची असते. म्हणून दोन्ही टायर डोळ्यांना जुळे वाटतात. काही कंपन्या एलटीऐवजी साइजच्या शेवटी सी लिहितात, अर्थ तोच, हलक्या मालवाहू गाडीचा टायर. ८ पीआर म्हणजे आत आठ थर आहेत असं नव्हे. पूर्वी सुती थर मोजत, आता ते फक्त ताकदीचं माप उरलं आहे.

खरी गोम त्यानंतरच्या आकड्यात आहे, ज्याकडे दुकानात कोणी बघत नाही. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. तो किलो नसतो, त्याचा तक्ता असतो. ७३ म्हणजे एका टायरवर ३६५ किलो, ७९ म्हणजे ४३७, ८५ म्हणजे ५१५, ९० म्हणजे ६०० किलो. ९०/८८ असे दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाडीसाठी, तिथे ८८ म्हणजे प्रत्येकी ५६० किलो. माझ्या व्हॅनला मागे एकेकच चाक, म्हणून मी ९० धरायचा. पुढचं अक्षर वेगाचं: एन म्हणजे ताशी १४० पर्यंत, टी म्हणजे १९०. म्हणजे माझे जुने टायर वेगाला जास्त आणि वजनाला कमी होते. मला १९० ने कुठे जायचं होतं?

आमच्या घरी हिशेब बायको ठेवते. तिने आरसी काढली. मोकळ्या गाडीचं वजन ९३५ किलो, भरलेलं जास्तीत जास्त १५६०. फरक ६२५. मी म्हटलं, "बघ, चार टायर गुणिले ४३७ म्हणजे १७४८. टायर तर पुरतात!" ती म्हणाली, "अहो, टोमॅटो काय चारही चाकांवर सारखे बसतात का?" तिथे माझा हिशेब चुकत होता. आपल्या व्हॅनमध्ये माल मागे असतो आणि तो जवळजवळ सगळा मागच्या दोन चाकांवर येतो. आरसीवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं लिहिलेलं असतं, तेही मी कधी वाचलं नव्हतं. माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल ९८० किलोचा, म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून जास्तीत जास्त तेवढंच वजन.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे ३५ क्रेट भरून वजनकाट्यावर गेलो. आधी सगळी गाडी चढवली, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागची ठेवली. काटेवाल्याला आधी सांगितलं तर तो हे करू देतो, आणि प्रत्येक व्हॅनवाल्याने एकदा तरी करावं. आम्ही दोघं धरून एकूण भरलं १८४० किलो. मागची दोन चाकं ११८०. ते दोन टायर मिळून पेलणार ८७४. तो आकडा बघून मला त्या रात्रीचा फुगा आठवला आणि घाटातली वळणंही.

मग क्रेट उतरवत गेलो. आमचा क्रेट भरलेला २२ किलोचा. २२ क्रेटवर एकूण १५६० आलं, म्हणजे बरोबर पासिंगएवढं. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस यांचं वजनही त्या ६२५ मध्येच मोजायचं असतं, कारण आरसीवरच्या मोकळ्या वजनात माणूस धरत नाहीत. आम्ही दोघं १४० किलो, म्हणजे मालाला उरले ४८५. आणि त्या २२ क्रेटवर मागची चाकं किती? ९१०. म्हणजे कायद्याने योग्य तेवढाच माल भरला असता तरीही ते कारचे टायर ३६ किलोने कमीच पडत होते. एकूण बेरीज छान, मागचा ॲक्सल धोक्यात. ही गोष्ट मला कोणत्याही दुकानदाराने सांगितली नव्हती.

आता नव्या टायरबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं म्हणणं कंपनीबद्दल नाही. ह्या साइजचा, ह्या आकड्याचा, आयएसआय शिक्का असलेला टायर बघा. मालवाहू गाड्यांच्या टायरवर आयएस १५६३६ असतं, कारच्या टायरवर आयएस १५६३३. जुन्या टायरवर हाही फरक होताच. दुकानात पहिल्यांदा जे टायर काढून दिले ते दीड वर्षापूर्वीचे होते, मी मागे पाठवले. घेतले त्यांच्यावर ११२४ आहे, म्हणजे २०२४ चा अकरावा आठवडा. पाच टायर, फिटिंग, नवे व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरून एकवीस हजारांच्या आत काम झालं.

पहिल्याच खेपेला फरक कळला. माल भरून वळण घेताना मागून गाडी तरंगल्यासारखी व्हायची, ते गेलं. पूर्वी मला वाटायचं स्प्रिंगचे पाटे बसले आहेत, पण ते टायरच्या बाजूचं दबणं होतं. माळशेज उतरून टोकावड्याला मी अजूनही दरवेळी चारही टायरना हात लावतो. आता कोमट लागतात. पावसाळ्यात घाटात पाणी वाहत असताना भरल्या गाडीने पकड चांगली दिली. नऊ महिन्यांत पंक्चर एकच, मुरबाडच्या पुढे खिळा, आणि तोही हवा हळूहळू सोडत होता म्हणून घरी येऊनच काढला.

न आवडलेलंही सांगतो. रिकामी गाडी आदळते. खड्ड्यात पूर्वी धप्प व्हायचं, आता ठक्क होतं, आणि ते कमरेपर्यंत पोचतं. रस्त्याचा आवाज वाढला आहे. रिकाम्या गाडीने ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर मागचं चाक पटकन सरकतं, हे दोनदा अनुभवलं. म्हणून परतीच्या वाटेवर पावसात मी अंतर जास्त ठेवतो. घरच्यांना घेऊन देवाला जायची गाडी म्हणूनही ज्याला ती वापरायची आहे त्याने ही सवय करून घ्यावी.

सगळ्यात जास्त शिकायला लागलं ते हवेचं. टायरच्या बाजूला लिहिलं आहे की ६०० किलो पेलायला ६५ पीएसआय हवा हवी, तीही टायर थंड असताना. म्हणजे ६०० हा आकडा टायरचा एकट्याचा नाही, टायर आणि आतली हवा दोघांचा मिळून आहे. पंपावरचा पोरगा सवयीने चारही चाकांत ३२ भरतो. ३२ वर ठेवलेला एलटी टायर ६०० किलोच्या जवळपासही पेलत नाही, मग एवढे पैसे खर्चून उपयोग काय? पण म्हणून ६५ ही भरायची नाही, ती त्या टायरची कमाल आहे. आपल्या गाडीला किती, ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतं. माझ्या गाडीला पुढे ३५, मागे रिकामी असताना ३६ आणि भरलेली असताना ५०. ती पट्टी धुळीने भरली होती, ओल्या फडक्याने पुसल्यावर वाचता आली. मात्र पट्टीवरचे आकडे मूळ साइजच्या टायरसाठी असतात, दुसरी साइज टाकली तर ते जसेच्या तसे चालत नाहीत.

पहिले दोन महिने मी मागे कायम ५० ठेवली, भरलेली असो की रिकामी. टायरचा मधला भाग कडांपेक्षा जास्त झिजतोय असं ऑगस्टमध्ये लक्षात आलं. तेव्हापासून गावातल्या गावात रिकामी फिरायची असेल तर ३६ वर आणतो, आणि माल भरायच्या आधी संध्याकाळी घरीच छोट्या पंपाने ५० करतो. कल्याणहून रिकामी परतताना मात्र हवा काढत नाही. टायर तापलेले असतात, गेज चार-पाच पीएसआय जास्तच दाखवतं, आणि त्यावरून काढली तर थंड झाल्यावर कमी पडते. स्वतःचं गेज घ्या. पंपावरच्या दोन मशीनमध्ये मला सहा पीएसआयचा फरक सापडला आहे.

झीज सांगतो. नवे असताना खाचांची खोली ८ मिलिमीटर मोजली होती. आज पुढे ६.१, मागे ५.६. कायद्याने १.६ पर्यंत चालतं, खाचांमध्ये त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. मी घाटातल्या पावसासाठी ३ मिलिमीटरलाच बदलणार आहे. ॲव्हरेजची तुलना करत नाही, कारण माल कमी केल्यामुळे ती खरी होणार नाही.

हो, माल कमी केला. टायर बदलल्यावर गावात पहिला प्रश्न हाच आला: "आता दोन टायर बाराशे पेलतात, मग ३५ क्रेट बिनधास्त टाक की!" हा गैरसमज मला फार घातक वाटतो. टायर दमदार झाला म्हणून ॲक्सल ९८० चा ११८० चा होत नाही. ब्रेक तेच, पाटे तेच, बेअरिंग तेच, आणि माळशेजचा उतारही तोच. पासिंग १५६० ते १५६० च. गाडीत आणि टायरमध्ये जी गोष्ट सगळ्यात कमी वजन पेलते, तिच्या हिशेबानेच भरायचं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो. रस्त्यात टोमॅटो उतरवून कुठे ठेवणार?

आता मी २२ क्रेट नेतो, एकटा असेन तर २५. उरलेले तेरा शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये जातात, क्रेटमागे ३५ रुपये भाडं. खेपेला साडेचारशे रुपये जातात आणि हंगामात ते जाणवतात. बायकोने वहीत त्याचा वेगळा रकाना केला आहे. फुग्याचा तो टायर शेडमध्ये ठेवला आहे, कोणी व्हॅन घ्यायला निघालं की मी तो बाहेर काढून ७९ आकड्यावर बोट ठेवून दाखवतो.