पहिली पसंती की अंतिम मोजणी?

ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या राज्य मतदारसंघाचा इतिहास वाचताना कुठला आकडा धरावा, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. तिथे मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. पहिल्या क्रमांकाची मतं म्हणजे पहिली पसंती; कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर तळाचे उमेदवार बाद करून त्यांची मतं पुढच्या पसंतीनुसार वाटतात, आणि शेवटी उरलेल्या दोघांमधला आकडा म्हणजे अंतिम मोजणी.

क्वीन्सलंडचा मायवार मतदारसंघ घ्या. २०१७ मध्ये पहिल्या पसंतीत लिबरल नॅशनल पक्ष पुढे होता, पण पुढच्या पसंत्या वाटल्यावर ग्रीन्स पक्षाचे मायकेल बर्कमन जिंकले. कोण जिंकलं आणि जागा किती चुरशीची आहे, हे अंतिम मोजणीच सांगते. पक्षाचा स्वतःचा पाया मात्र पहिल्या पसंतीत दिसतो.

काळ ओलांडताना खरी अडचण येते. क्वीन्सलंडमध्ये १९९२ पासून पसंतीक्रम पूर्ण भरणं ऐच्छिक होतं, २०१६ मध्ये ते सक्तीचं झालं. ऐच्छिक असताना अर्धवट भरलेली काही मतं मोजणीतून मध्येच गळतात, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे अंतिम आकडे सरळ जोडू नयेतच! मतदारसंघाच्या सीमा बदलल्या की दोन्ही आकडे बिघडतात.

पुढचा निकाल ताडायचा असेल तर अंतिम मोजणी, पक्षाची दीर्घ चढउतार लिहायची असेल तर पहिली पसंती.