पंप ‘ओव्हरहॉल’ झाला, एलिमेंट मात्र जुनेच

इंदुरात डिझेल पंपाच्या पाट्या भरपूर दिसतील. जुना इनलाइन पंप (दर सिलिंडरला डिझेल मापून देणारे भाग एका ओळीत असलेला) बेंचवर, म्हणजे पंप फिरवून डिझेल मोजायच्या यंत्रावर, नीट लावणारे हात मात्र मोजके उरलेत, म्हणून न केलेल्या कामाची बिलं खपून जातात.

प्रकरण एका जुन्या सहा सिलिंडरी ट्रकच्या मायको पंपाचं. बिलात सहा एलिमेंट (एलिमेंट म्हणजे डिझेल ढकलणारा दांडा, प्लंजर, आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांची जोडी), सहा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं काम आणि टेस्टिंग. पंप रंगवून, तार-शिशाचं सील मारून परत आला. आठवडाभर गाडी झकास ओढली. मग चढावर काळा धूर. दुपारी गरम इंजिन बंद केलं की पुन्हा उठेना, पण पंपावर ओलं फडकं ठेवून वीस मिनिटं थांबलं की उठे. डिपस्टिकवरचं तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं, वर डिझेलचा वास.

दुसरीकडे पंप उघडला तेव्हा नवं निघालं ते वॉशर, ओ-रिंग आणि रंग. प्लंजर जुनेच, धुऊन बसवलेले. तिरप्या उजेडात धरल्यावर तिरक्या खाचेच्या वरच्या अंगाला एक उभा मळकट पट्टा दिसला. बाकी प्लंजर आरशासारखा, तेवढ्याच जागेची झिलई गेलेली. पाणी आणि बारीक धूळ तिथेच घासते. प्लंजर-बॅरलमधली फट मुळात दोन-तीन मायक्रॉनची. ती वाढली की डिझेल दाबाखाली खाली झिरपतं, आणि पंपाला इंजिनचंच तेल असेल तर थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. हे झाकायला फुल-लोडचा स्क्रू (पूर्ण भाराला किती डिझेल पडेल ते ठरवणारा) फिरवून डिझेलचं माप वाढवलं होतं. गाडी ओढत होती ती त्या जादा डिझेलवर.

मालकाला बेंच दाखवला नव्हता असं नाही. दाखवला, पण वेगातला. मापाच्या सहाही नळ्या सारख्या भरल्या, मालकाचं समाधान झालं. वेगात प्लंजर इतक्या चटकन वर जातो की गळायला सवडच मिळत नाही. झिजलेला एलिमेंटही तिथे पास होतो. स्टार्टरवर इंजिन दीड-दोनशे फेऱ्यांनी फिरतं आणि पंप त्याच्या निम्म्याने. म्हणून पंपाच्या १०० फेऱ्यांवरचं स्टार्टिंगचं माप आधी मागायचं. ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर पंप उचलावा. दुसरी युक्ती थंड तेलाची. टेस्ट ऑइल ४० अंशांच्या आसपास हवं. थंड तेल घट्ट असतं, कमी गळतं, आकडे गोंडस येतात. बेंचचा थर्मामीटर बघायला लाजू नये.

पंपाच्या प्लेटवरचे आकडेही वाचता यायला हवेत. ‘पीईएस ६ ए ८५’ म्हणजे सहा सिलिंडर, ए साइज, ८.५ मिलिमीटरचा प्लंजर. ‘पॉवर वाढवून देतो’ म्हणत कुणी ९ चा टाकला तर त्याच स्ट्रोकला सुमारे १२ टक्के जास्त डिझेल पडतं, आणि मग पिस्टन जळतो. रंगवताना प्लेट काढून ‘हरवली’ तर टेस्ट प्लॅन, म्हणजे त्या पंपाच्या मापांचा तक्ता, कुठून शोधणार? पंप देण्याआधी प्लेटचा फोटो काढावाच.

दुसऱ्यांदा काम झालं तेव्हा नवे एलिमेंट मालकासमोर पेटीतून काढले आणि त्यांच्यावरचा नंबर जुन्यांच्या नंबराशी ताडून पाहिला. डिझेलात भिजवलेला प्लंजर बॅरल तिरपं धरल्यावर स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता उतरला. जोडी मोडायची नाही. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलात गेला की दोन्ही फुकट. माप १०० वर, आयडलवर, फुल-लोडवर आणि गव्हर्नर कट-ऑफवर घेऊन कागदावर उतरवलं. फुल-लोडला सहांत तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक ठेवला नाही. सील त्यानंतर.

पंप देताना डिलिव्हरी होल्डर (डिलिव्हरी व्हॉल्व्हवर आवळलेला नट) आणि बॉडी मिळून सुईने एक बारीक रेघ मारून ठेवावी, सहाही ठिकाणी. एलिमेंट बदलायला होल्डर काढावाच लागतो. नव्या वॉशरवर तो परत आवळला की रेघ क्वचितच जुळते. पंप परत आल्यावर सहाही रेघा जशाच्या तशा जुळत असतील, तर पैसे मोजू नका.